सात नंबरची कुपी

आमच्या गल्लीत कुणाकडे मिश्री भाजायला घेतली आहे हे कळायला कुणाच्या दारात डोकवावं लागत नसे. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं पडली की आधी शेजारचं कुत्रं शिंकायचं, मग शाळेतून येणारी पोरं, मग सगळी गल्ली. पानं काळीभोर होईपर्यंत भाजायची, निवली की हातानं चुरायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची आणि ती पूड डबीत भरायची. झाली मिश्री. दुपारची जेवणं आटोपली की आई आमच्या पायरीवर बसायची. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या, डबी फिरायची आणि प्रत्येकीचं बोट दातांवरून फिरायला लागायचं. तोंडात मिश्री असली की बोलता येत नाही. जिचं तोंड मोकळं असेल ती बोलायची, बाकीच्या नुसतं ‘हं’ म्हणायच्या.

आमच्या आईचे ‘हं’ सतरा प्रकारचे होते. ‘मला सगळं माहीत आहे, पुढं बोल’ याचा वेगळा, ‘तुझी सासू काही चुकीचं बोलली नाही’ याचा वेगळा. कुणी ‘उद्या येऊ का गं?’ म्हणून विचारलं की एक लांबलचक ‘हं’ यायचा, शेवटी नाकात जरासा वर चढणारा. त्याचा अर्थ, ‘विचारतेस काय, तुझंच घर आहे.’ मी तिच्या पायाशी बसलेली असायची. तिच्या उजव्या हाताचं बोट दातांवर आणि डाव्या हाताची बोटं माझ्या केसांत. मधूनच बाबा तंबाखू मळताना दिसले की ती तोंडातली मिश्री थुंकून यायची आणि त्यांना व्यसनावरून चांगलं फैलावर घ्यायची.

हे सगळं मला पाठ आहे. पाठ आहे, एवढंच. शाळेत केलेल्या एखाद्या धड्यासारखं. ते तसं का झालं, तेही सांगते.

मी हेमलता चौगुले. जयसिंगपुरात गल्ल्यांना नावांपेक्षा नंबर जास्त, त्यातल्या अकराव्या गल्लीत वाढले. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि गेली चौदा वर्षं ‘निर्मळ’ योजनेच्या आमच्या तालुक्यातल्या केंद्रात मुलांची वास-चाचणी घेते. पोरं मला नाकवाल्या मॅडम म्हणतात. समोर नाही म्हणत, पण म्हणतात.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नाक हे मोठं आगाऊ इंद्रिय आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथून पुढे जातं. वास थांबत नाही. आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागात तो सरळ शिरतो. पाच वर्षांच्या मुलाला वडिलांच्या खिशातल्या तंबाखूचा वास आवडतो तेव्हा त्याला तंबाखू आवडत नसते, वडील आवडत असतात. पण पंधराव्या वर्षी कुणी चिमूट पुढे केली की त्याच्या मेंदूला हा फरक कळत नाही. डॉ. मृदुला केरकर यांनी हजारो मुलांच्या नोंदी तपासून हे दाखवून दिलं. पहिली चिमूट, पहिला झुरका, पहिला घोट हा पुष्कळदा धाडसापोटी नाही, जुन्या मायेपोटी घेतला जातो.

त्यांचा दुसरा शोध त्याहून मोठा. आठवण ही कपाटातल्या साडीसारखी घडी घालून पडलेली नसते. ती बाहेर काढली की मेंदू तिला पुन्हा नव्याने रचून ठेवतो आणि रचेपर्यंत चार-पाच तास ती ओली असते. त्या वेळात एक ठरावीक औषध पोटात गेलं तर आठवण राहते, पण वासाला चिकटलेली ओढ गळून जाते. याला आम्ही सोडवण म्हणतो. केंद्रात बारा कुप्यांची पेटी असते. बिडी, सिगारेट, देशी दारू, बिअर, गुटखा, पंक्चरचं सोल्युशन, असे बारा वास. मुलाच्या कपाळाला पट्टी लावायची, कुप्या एकेक करून नाकाखाली धरायच्या आणि पडद्यावरची रेघ पाहायची. साठच्या वर गेली तर सोडवण.

योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शाळेच्या कोपऱ्यावर पुड्यांच्या माळा लटकवणाऱ्या टपऱ्या मी पाहिल्या आहेत. सातवीतल्या मुलाचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, तेही पाहिलं आहे. आज त्याच टपऱ्यांवर सरबत आणि वह्या मिळतात. त्यात माझाही वाटा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

यंदा जूनमध्ये क्रीडा वसतिगृहाच्या प्रवेशाची घाई होती. दिवसाला चाळीस मुलं. अशाच एका सकाळी बाळासो खोत त्यांच्या मुलीला घेऊन आले. बाळासो डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवत. मुलगी अन्विता, चौदा वर्षांची, लांब केसांची, खो-खोत जिल्ह्यात पहिली आलेली. तिची आई आठ वर्षांपूर्वी काविळीने गेली होती. फॉर्ममध्ये ‘घरात तंबाखूचा वापर’ या रकान्यापुढे बाळासोंनी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

“कुणीच नाही?” मी सवयीनं विचारलं.

“आमच्यात सुपारीचं खांड बी कोण खात नाही मॅडम,” ते म्हणाले.

मी फॉर्म मशीनमध्ये सरकवला. मशीननं तो जिल्ह्याला पाठवला.

सहा कुप्यांना अन्विताची रेघ टेबलासारखी सपाट राहिली. दारूच्या कुपीला तर तिनं असं नाक मुरडलं की मला हसू आलं. मग मी सात नंबरची कुपी धरली. मुलीचे डोळे मिटले. मान जराशी मागे कलली, जशी पाठीमागे बसलेल्या कुणाच्या तरी हातात द्यावी तशी. पडद्यावर आकडा आला, एक्याण्णव.

सात नंबरच्या कुपीत भाजलेली मिश्री असते. पेटी तयार होत होती तेव्हा हा वास त्यात हवाच, असा डॉ. केरकरांनी हट्ट धरला होता. पहिला नमुना मीच भाजून दिला होता, त्यांच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर. फॉर्म मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी खात्यात तयार झाला. त्यात चौदा पदार्थांची नावं आहेत, मिश्रीचं नाही.

मी बाहेर येऊन बाळासोंना विचारलं, “तुमची मंडळी दात कशानं घासायची हो?”

“मिश्रीनं की.”

“मग फॉर्मवर ‘नाही’ कशाला लिहिलंत?”

“तंबाखू विचारलंय मॅडम त्यात. मिश्री कुठं तंबाखू असतीया? ती दाताला लावायची.”

त्यांना काय बोलणार? आमच्या भागातल्या शंभर घरांत विचारलं तर नव्वद घरांत हेच उत्तर मिळेल. माझी आई तर तोंडात मिश्री घेऊन बाबांना व्यसनी ठरवायची. चूक माझी होती. ‘दात कशानं घासता?’ हा प्रश्न मी चौदा वर्षं प्रत्येक घराला तोंडी विचारत आले होते. त्या दिवशी रांग बघितली आणि विसरले.

या विसरण्याची किंमत मोठी होती. घरात वापर आहे अशी नोंद असेल तर मुलाला आधी समुपदेशन मिळतं, घरच्यांना बोलावतात, सहा महिने दम धरतात. नोंद नसेल आणि आकडा साठच्या वर गेला, तर मशीन समजतं की पोर स्वतःच वापरतंय. मग थेट सोडवण, तीही पंधरा दिवसांच्या आत, नाहीतर वसतिगृहाची जागा पुढच्या मुलीला. एकदा गेलेला फॉर्म बदलता येत नाही. मी जिल्ह्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एका गोड आवाजानं मला तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अन्विता एकटीच आली. केंद्राच्या मागे लिंबाच्या झाडाखाली तीन पायऱ्या आहेत, तिथं बसली. मी शेजारी बसले. तिनं दप्तरातून एक पत्र्याची डबी काढली. कधीकाळी त्यावर फुलं रंगवलेली असावीत.

“आई गेल्यावर बाबांनी तिचं सगळं वाटून टाकलं,” ती म्हणाली. “ही मी लपवली.”

“उघडतेस?”

“अधीमधी. वास घेतला की आईचा हात येतो डोक्यावर. तोंड नाही आठवत तिचं. तोंड फोटोतलं येतं. हात खरा येतो.” तिनं झाकणावरून अंगठा फिरवला. “ती बोलायची नाही, वेणी घालताना. तोंडात मिश्री असायची ना. नुसतं हं हं करायची.”

माझ्या घशाशी काहीतरी यायला हवं होतं. आलं नाही. तिच्या शब्दांशी माझा धडा अक्षरशः जुळत होता, एवढंच मला जाणवलं.

“आणि दाताला लावलीस कधी?” मी विचारलं.

“दोनदा.”

“कसं वाटलं?”

“चक्कर आली. उलटी झाली पहिल्यांदा.” मग हळूच म्हणाली, “दुसऱ्यांदा नाही झाली.”

म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं. अर्धं खरं बोलत होतं, आणि ते जास्त अवघड.

“मॅडम, सोडवण केली तर तो हात जाईल?”

आमच्या माहितीपुस्तिकेत या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘आठवण राहते, फक्त ओढ जाते.’ हे वाक्य मीच सुचवलं होतं. सोपं आणि खरं, म्हणून सगळ्यांना फार आवडलं होतं. ते मला तिच्यासमोर म्हणता येईना. शेवटी मी तिला जे केंद्रात कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

मी स्वतः तेविसाव्या वर्षापासून मिश्री लावायची. आईच्या शेजारी बसून, तिच्याच डबीतली. आईला तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटच्या वर्षात तिला चमच्यानं पेज पाजावी लागे, आणि पेज पाजून झाली की मी मोरीत जाऊन मिश्री लावून यायची. इतकी मी गेलेली केस होते. ती गेल्यानंतर दोन वर्षांनी डॉ. केरकरांना प्रयोगासाठी माणसं हवी होती. मी पहिल्या तुकडीत नाव दिलं. एका दुपारी डबी हुंगली, औषध घेतलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन डबी कचऱ्यात टाकली. पुन्हा कधी इच्छा झाली नाही. माझं तोंड वाचलं, बहुधा जीवही.

“पण पहिल्या दिवाळीत आईचा फोटो पुसायला घेतला,” मी म्हटलं, “तर शेजारच्या कुणाचा तरी फोटो पुसतेय असं वाटलं. सगळं आठवत होतं बघ. पायरी, डबी, तिचा हात. पण त्यात मी नव्हते. रडायला म्हणून बसले आणि नाही आलं. सतरा वर्षं झाली.”

अन्विता डबीचं झाकण लावत म्हणाली, “मग तुम्ही इथं सगळ्यांचं का करता?”

“कारण माझ्या आईला ज्यानं मारलं ते पोरांपर्यंत पोचू नये म्हणून. ते बरोबरच आहे. आणि हेही आहे.”

त्या दुपारी मी डॉ. केरकरांना फोन लावला. निवृत्त होऊन त्या बेळगावात राहतात, बागेत कुंड्यांवर हुकूमत गाजवतात. योजनेच्या मानद सल्लागार अजून आहेत, म्हणजे त्यांची सही चालते.

“बाई, गाठ सरकवणं आठवतंय का?” मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ कुंडीत माती भरल्याचा आवाज येत राहिला. “हेमा, ते तुला कशाला हवंय?”

माझी सोडवण झाल्यावर मी बाईंकडेच कामाला लागले, त्या सुरुवातीच्या दिवसांतली ती गोष्ट. काय दिवस होते ते. प्रयोगशाळेत आम्ही सहा जणी, एकच पट्टी, तीही दर तासाला गरम होणारी, आणि बाईंच्या डब्यातली गवारीची भाजी सगळ्यांत वाटून खायची. तेव्हा बाईंच्या मनात आलं होतं, आठवण ओली असताना तिच्यातली ओढ गाळून कशाला टाकायची? त्याच दुपारचा दुसरा एखादा वास शेजारी ठेवावा, औषध निम्मंच द्यावं, आणि ओढीला एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जाऊ द्यावं. अकरा माणसांवर केलं होतं. आठ जणांचं जमलं. तिघांची ओढ ना इथली राहिली ना तिथली झाली, सगळीच गेली. शिवाय एका माणसाला अख्खी दुपार लागायची आणि जवळचं कुणीतरी शेजारी बसावं लागायचं. योजनेला दिवसाला चाळीस मुलं उरकायची होती. ते बाड बासनात गेलं.

“नियम काय सांगतो?” बाईंनी विचारलं.

“सोडवण पंधरा दिवसांत, आणि दुसऱ्या चाचणीत आकडा साठच्या खाली. सोडवण कशी करायची ते तुमच्या सहीवर आहे.”

“अकरातले तीन, हेमा. त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना स्वच्छ सांग. लपवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.” मग आवाज जरा खाली आला. “तुझ्या वेळी हे सुचायला हवं होतं मला. चार महिने उशीर झाला. कागद पाठव, सही करते.”

बाळासोंना अकरातल्या तिघांसकट सगळं सांगितलं तर ते एकदम उठून उभे राहिले. “नको मॅडम. हॉस्टेल राहू दे. खो-खो काय, गावातबी खेळंल. आई एकदा गेलीया तिची.”

“बाबा, बसा,” अन्विता म्हणाली. तिनं डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. तळाला चमचाभर पूड उरली होती. “वास उडत चाललाय हिचा. पुढच्या वर्षी मला नवी आणायला लागंल. मग ती मी नुसती वासाला आणीन का?”

बाळासोंनी डबीचं झाकण लावलं आणि ते पुन्हा खाली बसले. चौदा वर्षांच्या पोरीनं स्वतःला इतकं ओळखलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी चाळिशीपर्यंत नव्हतं ओळखलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पण दुसरी खुंटी लागेल. त्या दुपारी अजून कसला वास असायचा?”

अन्विताला आठवेना. बाळासो पँटला हात पुसत लाजल्यासारखे झाले आणि म्हणाले, “तेल. माक्याचं. तीच करायची. वढ्याकडंचा माका खुडून आणायची, जास्वंदीची फुलं, खोबरेल. मंद आचेवर तास-दीड तास.”

“कसं करायची, माहीत आहे?”

“ती ढवळायची, चूल मी बघायचो.” ते म्हणाले. “ती गेल्यापास्नं केलं नाही. घरात तो वास नको वाटायचा.”

म्हणजे त्या घरात दोघांनी दोन वास लपवले होते. लेकीनं एक, बापानं एक.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळी ते दोघं आले. बाळासोंच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तिच्यात हिरवट काळं तेल. खुर्ची आणि पडदे मला नकोच होते. मागच्या पायऱ्यांवर अन्विताला बसवलं, वरच्या पायरीवर बाळासोंना. कपाळाला पट्टी लावली, पडदा तिला दिसणार नाही असा शेजारी ठेवला. निम्मं औषध दिलं. मग तिनं डबी उघडली.

रेघ चढली. नव्वद, ब्याण्णव. मी मान हलवली आणि बाळासोंनी तेलाचा पहिला थेंब तिच्या माथ्यावर सोडला.

दुधाचे कॅन उचलून उचलून राठ झालेले हात ते. केसांत गुंतत होते, मधूनच केस ओढले जात होते. ती एकदा ‘आई गं’ म्हणाली.

“ती डाव्या हातानं करायची,” अन्विता डोळे मिटून म्हणाली. बाळासोंनी हात बदलला.

पहिल्या तासात काही झालं नाही. डबी दहा मिनिटं उघडायची, अर्धा तास मिटायची, तेल मात्र चालूच. दुसऱ्या तासात रेघ एकदम कोसळली, चाळीस, तीस, बावीस. तेलाच्या वासालाही उठेना. अकरातल्या त्या तिघांचे कागद माझ्या डोळ्यांपुढे आले. अन्विता रडायला लागली. “मॅडम, येईना. हात येईना.” बाळासोंनी माझ्याकडे असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. थांबवून उपयोग नव्हता, आठवण ओली होती, अर्धवट सोडली असती तर तशीच वाळली असती.

“तिच्याशी बोलू नका,” मी म्हटलं. “तिला बोलू दे. तुम्ही नुसतं हं म्हणा.”

“काय बोलू?” अन्विता हुंदके देत म्हणाली.

“शाळेतलं सांग. आईला सांगायचीस तसं.”

ती सांगायला लागली. आधी रडत, मग कमी रडत. संघातल्या कुणी खांबावर सूर मारून गुडघा कसा फोडून घेतला, खेळाच्या बाई कशा ओरडल्या. बाळासो हं म्हणत होते. सुरुवातीला सरकारी उत्तर दिल्यासारखं. मग कधीतरी ते विसरले की हं म्हणायचं काम आहे, आणि ऐकायला लागले. त्यांचा हं बदलला. तिसरा तास संपत आला तेव्हा डबी मिटलेली होती, वास फक्त तेलाचा होता, मुलीची मान हळूच मागे कलली, आणि रेघ पायरी-पायरीनं वर यायला लागली. मी आकडा मोठ्यानं वाचला नाही.

आठ दिवसांनी दुसरी चाचणी. सात नंबरच्या कुपीला तिनं नाक मुरडलं, “जळकं जळकं येतंय.” आकडा तेवीस. नियमाप्रमाणे काम झालं होतं. मग मी पेटीबाहेरची, खोकल्याच्या औषधाची बाटली उघडली. सत्त्याऐंशी. अन्विता हसली आणि तिनं आपल्या डोक्याला हात लावून पाहिला, जणू तिथं कुणाचा तरी हात सापडणार होता. बाळासो बाहेर जाऊन बराच वेळ टेम्पोची काच पुसत बसले. डबी तिनं स्वतःच्या हातानं रिकामी केली. रिकामी डबी तिच्यापाशीच राहू द्या, असं मी सांगितलं.

वसतिगृहाला जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती निरोप घ्यायला आली. मी पट्ट्या पुसत होते.

“मॅडम, तुमची बघू की.”

“माझं काय बघायचंय? म्हातारीच्या नाकाला कोण वसतिगृहात घेतंय?”

पण ती ऐकणारी नव्हती. तिनं पट्टी माझ्या कपाळाला बांधली, मागच्या पायऱ्यांवर मला बसवलं, पडदा घेऊन स्वतः वरच्या पायरीवर बसली आणि हात पुढे करून सात नंबरची कुपी माझ्या नाकाखाली धरली. काही झालं नाही. होणार नाही हे मला सतरा वर्षं माहीत होतं.

“चार,” ती बारीक आवाजात म्हणाली.

“सांगितलं नव्हतं?”

तिनं कुपी बंद केली. मग बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला आणि माझ्या माथ्यावर गार तेल पडलं.

“अगं, ऑफिस आहे हे. साहेब आले तर काय म्हणतील?”

“साहेबांना पण लावू,” ती म्हणाली.

ते तेल तिच्या आईचं होतं, माझ्या आईनं जन्मात माका वापरला नव्हता. त्या वासाचं माझं काही नातं नव्हतं. पण ऊन उतरलं होतं, पायरी गरम होती आणि डोक्यात बोटं फिरत होती. मी बोलायचा कंटाळा केला. ती एकटीच बोलत राहिली. वसतिगृहात खोलीत चौघी असतात म्हणे, डाळ पातळ असते म्हणे, सकाळी पाचला उठवतात म्हणे. मी ऐकत होते. मग ती म्हणाली,

“मॅडम, सुट्टीत आले की येऊ का तुमच्याकडं?”

“हं.”

लांबलचक, शेवटी नाकात जरासा वर चढणारा.

तो माझा आवाज नव्हता. मी आयुष्यात कधी तसा हं म्हटला नव्हता. वासाची गाठ माझ्यात कुणी ठेवली नव्हती, पण हा आवाज सोडवायचं माझ्या सोडवणीच्या दुपारी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सतरा वर्षं तो तिथंच बसून होता, कुणीतरी विचारण्याची वाट बघत. माझ्या हनुवटीवरून काहीतरी ओघळलं. मला आधी वाटलं तेलच आहे.

अन्विताची बोटं थांबली. “मॅडम,” ती म्हणाली, “रेघ हलली.”

मी वळून बघितलं नाही, आकडाही विचारला नाही.

“तू तेल लाव,” मी म्हटलं. “आणि बोलत राहा.”